पुरात भिजलेली ट्रंक, रावपुऱ्यातील दुकान आणि बाबांचे पुस्तक

बडोद्याच्या रावपुऱ्यात, टॉवरपासून न्यायमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटणाऱ्या एका गल्लीत, जुने फोटो, कागदपत्रे आणि पदके नीट करून त्यांचे पुस्तक आणि चौकट बनवून देणारे एक लहान दुकान आहे. आमच्या वडिलांच्या वस्तूंचे काम आम्ही तेथे करून घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेले हे काम मार्च २०२५ मध्ये पूर्ण होऊन हाती आले. अशा कामासाठी योग्य माणूस शोधताना आम्हाला जी वणवण करावी लागली ती दुसऱ्या कोणाची तरी वाचावी, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव मात्र देत नाही. मालक आणि त्यांची पुतणी असे दोघेच तेथे काम करतात, हातातली कामेच त्यांना वर्षभर पुरतील इतकी आहेत, आणि नाव छापू नये अशी विनंती त्यांनीच केली. टॉवरजवळच्या कोणत्याही जुन्या फोटो-फ्रेमवाल्याला विचारले, तर तो गल्ली दाखवील.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी अकोट्याच्या आमच्या घरात शिरले. आईला आम्ही वरच्या मजल्यावर नेले, गादी, मिक्सर, धान्याचे डबे वर चढवले, आणि तळमजल्याच्या खोलीत पलंगाखाली असलेली बाबांची काळी पत्र्याची ट्रंक कोणाच्याच लक्षात आली नाही. दोन दिवसांनी पाणी उतरले तेव्हा ट्रंकेवर बोटभर गाळ बसला होता. तो पुसल्यावर पांढऱ्या रंगातली अक्षरे पुन्हा दिसू लागली : हुद्दा, नाव, आणि ‘ई.सी.’ने सुरू होणारा बाबांचा क्रमांक. १९६२ नंतर ज्यांना आपत्कालीन कमिशन, म्हणजे तातडीची अधिकारपदाची नेमणूक, मिळाली त्या अधिकाऱ्यांच्या क्रमांकापुढे ही दोन अक्षरे असत.

बाबांचा जन्म १९४० चा. १९६२ मध्ये ते कलाभवनातून मेकॅनिकल इंजिनीअर झाले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेले कलाभवन तोवर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा झालेले होते. पण बडोद्यातल्या मराठी घरांत ते आजही कलाभवनच आहे. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले, सैन्याला तातडीने अधिकारी हवे होते, आणि १९६३ मध्ये बाबा ई.एम.ई.मध्ये, म्हणजे सैन्याच्या वीज आणि यांत्रिकी अभियंत्यांच्या दलात दाखल झाले. १९६५ च्या युद्धात ते पंजाबात खेमकरण भागात होते. पुढची नेमणूक नशिबाने बडोद्याच्याच ई.एम.ई. स्कूलमध्ये मिळाली, १९६७ मध्ये लग्न झाले, आणि १९६८ मध्ये कॅप्टन म्हणून सैन्यातून मुक्त झाल्यावर त्यांनी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ३० वर्षे काम केले. २०१९ मध्ये ते गेले. घर, सैन्य आणि कारखाना या तिन्ही ठिकाणचे त्यांचे आयुष्य त्या एका ट्रंकेत एकावर एक रचलेले होते, आणि आता ते सगळे भिजून एकमेकांना चिकटले होते.

सुरुवातीला आमच्या हातून चुका झाल्या, त्या इतरांना उपयोगी पडाव्यात म्हणून सांगते. माझ्या भावाने काही फोटो हेअर ड्रायरने वाळवले. त्यांचा वरचा थर तडकून पापुद्र्यासारखा सुटला आणि ते फोटो कायमचे गेले. काही कागद आम्ही गच्चीवर उन्हात पसरले, ते वाकडे होऊन कडक झाले. मग शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओत गेलो. तेथे बाबांचा गणवेशातला एक फोटो नमुन्यादाखल संगणकावर ‘नवा’ करून मिळाला. त्यात बाबांच्या गालावरची देवीची पुसट खूण नाहीशी झाली होती, मिशी दाट झाली होती, गणवेशाला भलताच हिरवा रंग आला होता, आणि छातीवरच्या फितींच्या जागी कोणत्याच पदकाच्या नव्हेत अशा रंगीत पट्ट्या आल्या होत्या. आईने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘‘हे कोण?’’ पुढचे काम तेथे दिले नाही.

रावपुऱ्याच्या दुकानाचा पत्ता शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी दिला. दुकान जेमतेम दहा फूट रुंद, समोर लाकडी काउंटर, मागे पडद्याआड दोन टेबले आणि एक मोरी. मालक गुजराती, परंतु मराठी वस्तीच्या दांडियाबाजारात वाढलेले, त्यामुळे मराठी सहज बोलतात. त्यांनी प्रथम दराविषयी काहीच सांगितले नाही. ‘‘बेन, किती दिवस झाले भिजून? वाळवलं का? कशानं वाळवलं?’’ एवढेच विचारले. मग ट्रंकेतले जे अजून ओले होते ते तसेच ओले आणायला सांगितले. चिकटलेले फोटो हातांनी सोडवू नका, इस्त्री करू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कारण त्याची शाई उतरते; साध्या प्लास्टिकच्या डब्यात घालून आजच आणा, असे त्यांनी बजावले. आम्ही संध्याकाळी ट्रंकच रिक्षात घालून नेली.

त्यानंतर चार दिवस मी रोज दुपारी तेथे जात होते, कारण कोणती वस्तू काय आहे हे सांगायला घरचे कोणीतरी हवे, असा त्यांचा आग्रह होता. हे मला फार मोलाचे वाटले. त्यांनी प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, तो एका वहीत लिहिला, आणि समोर ‘कोणी सांगितले’ असा रकाना ठेवला. आईने सांगितलेले वेगळे, मी सांगितलेले वेगळे, आणि फोटोच्या पाठीवर बाबांनीच लिहिलेले वेगळे. पुढे पुस्तक झाल्यावरही हा फरक त्यांनी तसाच राखला.

काम कसे चालते ते जवळून पाहायला मिळाले. बाबांच्या सैन्यातल्या काळाचे काळे-पांढरे फोटो जुन्या पद्धतीच्या कागदावर छापलेले होते. अशा फोटोत चित्र जिलेटिनच्या थरात असते. पाण्यात तो थर फुगतो, आणि वाळताना समोर जे असेल त्याला चिकटतो. अर्धवट वाळून चिकटलेला असा गठ्ठा त्यांनी थंड, स्वच्छ पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये सोडला आणि काहीही न करता तासन्‌तास तसाच ठेवला. पाणी गढूळ झाले की बदलायचे. संध्याकाळी पुतणीने एका कोपऱ्यात बोटाच्या टोकाने अगदी हलके पाणी सारले, आणि पहिला फोटो आपोआप सुटून वर आला. तो टीपकागदावर चेहरा वर करून ठेवला, पंख्याच्या झोताखाली नाही, नुसत्या हवेवर. मी तेथे उभी होते. रणगाड्याच्या पुढच्या भागावर एक पाय ठेवून बाबा उभे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात कसलातरी पाना, आणि बुटांवर घोट्यापर्यंत चिखल. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले एकही अक्षर पुसलेले नव्हते : ‘पॅटन. खेमकरण. सप्टेंबर ६५. इंजिन चालू स्थितीत.’

पेन्सिलीची ही गोष्ट मला त्या दुकानात कळली. शिसे पाण्यात विरघळत नाही, म्हणून बाबांनी पेन्सिलीने लिहिलेले सर्व टिकले. आईची त्यांना गेलेली पत्रे फाउंटन पेनाची होती. त्यांतली निळी शाई कागदभर पसरून फिकट डाग उरले. बाबांची काही पत्रे त्या काळच्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली होती. ती कोरडी असताना राखाडी दिसते आणि पाणी लागताच जांभळी होते. त्या पत्रांवर प्रत्येक अक्षराभोवती जांभळे वलय आले होते, परंतु मजकूर वाचता येत होता. बाबा आम्हाला शाळेत असताना सांगत, की आकृतीवर पेनाने लिहू नका, पेन्सिलीने लिहा. आम्हाला वाटे, चूक खोडता यावी म्हणून सांगतात.

पत्रांच्या बाबतीत मालकांचे वागणे येथे मुद्दाम नोंदवते. ती ५६ ए.पी.ओ. या लष्करी टपालाच्या पत्त्यावरून आलेली, लग्न ठरल्यापासूनची होती. त्यांनी आईला दुकानात बसवून विचारले, ‘‘माजी, आम्ही हे वाचायचं की न वाचता स्कॅन करायचं?’’ आईने थोडा विचार करून सांगितले, की पहिली सहा वाचा, बाकीची वाचू नका. बाकीची पत्रे त्यांनी उलट्या बाजूने क्रम लावून स्कॅन केली आणि पुस्तकात घेतली नाहीत. त्यांची वेगळी पेनड्राइव्ह बंद पाकिटात घालून आईच्याच हातात दिली. घरातल्या माणसांनाही हे भान नेहमी राहत नाही.

त्या सहा पत्रांतून युद्धाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, कारण ठिकाणांची नावे लिहायला मनाई होती. ‘येथे उसाची शेते आहेत, पाणी साठले आहे, गाड्या रुततात’ एवढेच एका पत्रात आहे. बाबा पुढे आम्हाला सांगत त्यावरून त्याचा अर्थ लागतो. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळात असल उत्तरची लढाई झाली. आपल्या सैन्याने शेते पाण्याने भरून टाकली होती, आणि पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे, एकेक सुमारे ४५ टनांचा, त्या चिखलात अडकले. लढाई सरल्यावर बाबांच्या दलाचे काम होते ते चिखलात उतरण्याचे. रात्रीच्या वेळी दिवे न लावता आपले बिघडलेले सेंच्युरियन आणि शर्मन रणगाडे ओढून आणायचे, पहाटेपर्यंत दुरुस्त करून परत पाठवायचे, आणि शत्रूने सोडून दिलेल्या पॅटनपैकी जे चालतील ते चालवून मागे न्यायचे. एका पॅटनचे इंजिन बाबांनी सुरू केले, ही गोष्ट ते क्वचितच आणि फार थोडक्यात सांगत. फोटोमागचे ‘इंजिन चालू स्थितीत’ हे तीन शब्द म्हणजे ती सगळी गोष्ट आहे.

या दुकानाच्या कामातली सर्वांत मोठी चूक याच भागात झाली, आणि ती ज्या रीतीने सुधारली गेली त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. पुस्तकाचा पहिला कच्चा नमुना आला तेव्हा सैन्याच्या भागावर मथळा होता ‘कोअर ऑफ इंजिनीअर्स’. आई चष्मा लावून ते वाचतच म्हणाली, ‘‘हे त्यांना चाललं नसतं.’’ बाहेरच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल, पण बाबांना तो मुळीच किरकोळ नव्हता. कोअर ऑफ इंजिनीअर्स म्हणजे सॅपर्स; पूल बांधणे, सुरुंग पेरणे आणि काढणे, रस्ते करणे ही त्यांची कामे, आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्स हे मराठी माणसाला त्यातले परिचयाचे नाव. ई.एम.ई. हे वेगळे दल आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये ते उभे राहिले, १५ ऑक्टोबर हा त्यांचा स्थापना दिवस, आणि ‘कर्म ही धर्म’ हे ब्रीद. बंदुकीपासून रणगाड्यापर्यंत आणि ट्रकपासून रडारपर्यंत सैन्याची जी जी यंत्रसामग्री असेल ती चालू ठेवणे हे त्यांचे काम. कोणी ‘इंजिनीअर्समध्ये होता ना?’ असे म्हटले, की बाबा दरवेळी शांतपणे पूर्ण खुलासा करीत. मालकांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, चूक आपली आहे असे स्पष्ट सांगितले, चारही पाने पुन्हा जुळवली, आणि त्याचे पैसे लावले नाहीत. शिवाय पुतणीने तो फरक समजून घेऊन मथळ्याखाली तीन ओळींची टीप घालण्याचे सुचवले. ती टीप आईच्या शब्दांत आहे.

पदकांचे कामही उत्तम झाले. बाबांची तीन पदके होती : समर सेवा स्टार १९६५, रक्षा पदक १९६५ आणि जम्मू-काश्मीरची पट्टी असलेले सैन्य सेवा पदक. गाळाने ती काळवंडली होती आणि फितींचे रंग एकमेकांत उतरले होते. घरी असते तर मी ती चिंच किंवा पॉलिश लावून घासलीच असती. मालकांनी तसे करू दिले नाही. पॉलिशने दरवेळी धातूचा बारीक थर निघतो आणि कडेवर कोरलेले क्रमांक, हुद्दा आणि नाव झिजते, असे त्यांनी भिंग देऊन दाखवले. त्यांनी पदके शुद्ध पाण्यात मऊ ब्रशने धुतली आणि कापडाने टिपली. स्टारचा जुना तपकिरी रंग तसाच ठेवला. फिती नव्या बसवल्या आणि जुन्या फितींचे तुकडे मागच्या बाजूला लहान पाकिटात ठेवले. मांडणी करण्यापूर्वी क्रम विचारला. ज्येष्ठ पदक छातीच्या मध्याकडे येते, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे. म्हणून आधी समर सेवा स्टार, मग रक्षा पदक, मग सैन्य सेवा पदक. चौकटीची काच पदकांना टेकत नाही, मध्ये अर्ध्या इंचाची पट्टी आहे, आणि पदके चिकटवलेली नसून दोऱ्याने टाचलेली आहेत, त्यामुळे पुढे कोणाला काढायची झाली तर इजा न होता निघतील.

ई.एम.ई. स्कूलच्या काळातला एकच फोटो हाती लागला, पण तो माझा सर्वांत आवडता आहे. फत्तेगंजकडचे ते दक्षिणामूर्तीचे मंदिर बडोदेकरांना ठाऊक आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेला घुमट, आणि त्यात निरनिराळ्या धर्मांची चिन्हे. ख्रिस्ती असलेले ब्रिगेडियर ए. एफ. यूजीन यांच्या कल्पनेतून १९६६ मध्ये ते उभे राहिले. बाबा आणि आई लग्नानंतर तेथे गेले होते. फोटोत आई घुमटाकडे पाहत नाही, बाबांकडे पाहते. आणि बाबा पत्र्यांचे सांधे पाहत आहेत. मालकांनी हा फोटो मोठा करताना घुमटावरचा एक पाण्याचा डाग काढू का, असे विचारले. आई म्हणाली, राहू द्या.

कारखान्याच्या काळातल्या वस्तूंचे काम सर्वांत कठीण होते, आणि घरात आम्हीही त्यांना कमी लेखत आलो होतो हे मला कबूल केले पाहिजे. फोटो आणि पदके यांच्यासाठी धावपळ केली. आकृत्यांची गुंडाळी मात्र मी जवळजवळ टाकून देणार होते. मालकांनी ती उलगडली. काही आकृत्या ट्रेसिंग क्लॉथवर होत्या. हे कापड खळ देऊन ताठ केलेले असते, पाणी लागले की खळ निघते आणि ते रुमालासारखे लुळे पडते. परंतु काळ्या ड्रॉइंग शाईच्या रेषा जशाच्या तशा होत्या. अमोनिया प्रिंटची, म्हणजे अमोनियाने काढलेल्या प्रतींची, जांभळी रेघ मात्र पुष्कळ ठिकाणी उडाली होती. त्यांनी ते कापड सपाट काचेवर पसरून हळूहळू वाळवले आणि तुकड्यातुकड्याने स्कॅन करून संगणकावर जोडले. सगळे जोडल्यावर एका उभ्या पंपाची पूर्ण आकृती मिळाली, आणि खाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत बाबांची सही.

तो पंप मही नदीवरच्या फ्रेंच विहिरींपैकी एकीसाठी होता. बडोद्याला पाणी पुरवणाऱ्या या विहिरी फाजलपूर, रायका, दोडका या गावांजवळ आहेत. नदीच्या पात्रात काँक्रीटची प्रचंड विहीर उतरवतात, तिच्या तळाजवळून छिद्रांचे नळ चारही दिशांना वाळूत आडवे सारतात, वाळूतून गाळलेले पाणी विहिरीत जमते, आणि वर बसवलेले पंप ते उपसतात. उन्हाळ्यात पंप बंद पडला की शहरात ओरड व्हायची, आणि मध्यरात्री आमच्या दारात कारखान्याची जीप यायची. अशाच एका रात्री सोबतच्या माणसाने काढलेला फोटो ट्रंकेत होता : बाबांनी लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवले आहे, मूठ कानाशी धरली आहे, आणि डोळे मिटले आहेत. बेअरिंग खराब होऊ लागले की आत बारीक खरखर ऐकू येते. ती कानाने ओळखण्याची ही जुनी रीत. आई स्वयंपाकघरातून हाक मारी तेव्हा हेच बाबा दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकत नसत, हे तिनेच त्या पानाखाली लिहायला सांगितले.

पुस्तक एकूण ९६ पानांचे झाले. घरचे फोटो त्यात सर्वाधिक आहेत, आणि त्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ते कोणत्याही घरात असतात तसे आहेत. सुरसागरावर गणपती विसर्जनाला भावाला खांद्यावर घेतलेले बाबा, कमाटीबागेतल्या लहान आगगाडीत बसलेली मी, दिवाळीचा किल्ला, आजीची पंच्याहत्तरी. यांतले बरेचसे फोटो ‘आगफा क्लिक थ्री’ या कॅमेऱ्याने काढलेले, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो देणारा साधा कॅमेरा, जो भारतात बडोद्यातच तयार होत असे. त्यांच्या निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटांत होत्या आणि त्यांतल्या पुष्कळशा वाचल्या, म्हणून मालकांनी छापील फोटोंऐवजी निगेटिव्हवरून नवी चित्रे घेतली. ज्यांच्याकडे जुन्या निगेटिव्ह पडून आहेत त्यांनी त्या कदापि टाकू नयेत.

आता उणिवा. १९८० नंतरचे रंगीत फोटो जवळजवळ सर्वच गेले. त्यांचे रंगच पाण्यात सुटले, आणि त्यावर इलाज नाही असे मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पुस्तकाची मराठी जुळणी करणाऱ्याला गुजरातीची सवय असल्याने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या. आम्ही तीन वेळा मुद्रिते तपासली, तरी दोन चुका राहिल्याच. मराठीत पुस्तक करून घेणाऱ्यांनी मजकूर स्वतःच टाइप करून द्यावा. कागद गुळगुळीत चकचकीत निवडला होता, त्यावर दिव्याची तिरीप येते आणि आईला वाचायला त्रास होतो. मॅट कागद मागितला असता तर दिला असता, पण आम्हाला सुचले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. काम दिवाळीपर्यंत देण्याचे ठरले होते, ते लग्नसराईमुळे मार्चपर्यंत लांबले. तेवढ्या काळात फोन उचलला जात नसे. प्रत्यक्ष जावे लागे. ज्यांना वर्षश्राद्धासारख्या ठरलेल्या दिवशी वस्तू हवी आहे त्यांनी सहा महिने हाती ठेवूनच जावे.

सर्व मिळून खर्च २३,४०० रुपये आला. त्यात पुस्तकाच्या तीन प्रती, पदकांची चौकट, सर्व कागदांचे स्कॅन आणि ते साठवलेली हार्ड डिस्क आली. ही रक्कम लहान नाही. भावाला ती प्रथम फार वाटली. तो पुण्याहून आला, दुकानात बसून त्या दोघांना काम करताना त्याने एक दुपार पाहिले, आणि त्यानंतर पैशांचा विषय काढला नाही. स्कॅन टिफ स्वरूपात मागून घ्यावेत असे मी सुचवीन. जेपेगमध्ये साठवताना चित्रातला काही तपशील कायमचा जातो, आणि हे त्यांनी विचारल्यावरच सांगितले. आणखी एक : दुकान दुसऱ्या कोणाला दाखवण्यासाठीही तुमच्या घरचा फोटो वापरत नाही. मी नमुने मागितले तेव्हा त्यांनी स्वतःच्या आजोबांचा अल्बम पुढे केला.

काम संपल्यावर मालकांनी एक जाड पाकीट परत दिले. त्यात नऊ फोटोंचा एक गठ्ठा होता, जो कितीही पाण्यात ठेवला तरी सुटला नाही. जोर केला तर सगळेच जातील, तसे मी करणार नाही, असे ते म्हणाले. सर्वांत वरचा फोटो तेवढा दिसतो : कारखान्याच्या दारात बाबा, सायकलच्या हँडलला डबा अडकवलेला. आईने पाकीट हातात घेतले आणि त्या फोटोखाली कोणता, त्याखाली कोणता, असे आठच्या आठ सांगून टाकले, कारण तो क्रम तिनेच लावलेला होता. पुतणीने ते तसेच लिहून घेतले आणि विचारले, की हे पुस्तकात घालू का. आई हो म्हणाली. त्या पानावर चित्र नाही. आठ ओळी आहेत, आईच्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने लिहून घेतलेल्या आणि तशाच छापलेल्या. पाचवी ओळ अशी आहे : ‘हे, मी, धाकटी पोटात. मोढेराच्या सूर्यमंदिरापुढे. ऊन फार होते, यांनी माझ्या डोक्यावर स्वतःची हॅट ठेवली.’